ट्रॉली ओढणारा हात आणि खिशातला परवाना

डोणगावच्या आमच्या घरी मागच्या हिवाळ्यात लग्न होते. मेहकर-मालेगाव रस्त्यावरचे आमचे हे गाव. घर जुने आणि अंगण मोठे. अंगणात ट्रॅक्टर उभा होता आणि मागे ट्रॉली लावलेली. ट्रॉलीत गव्हाचा भुसा टाकून त्यावर सतरंज्या अंथरल्या होत्या, वर ताडपत्रीची कमान केली होती. मुलांनी कडेला पताकाही बांधल्या होत्या. वऱ्हाड मालेगावकडे जाणार होते आणि बायका-मुलांची सोय याच ट्रॉलीत केली होती. आमच्याकडे हे नवे नाही. सैलानीच्या यात्रेला माणसे अशीच जातात, कापूस वेचायला बायका अशाच जातात आणि लग्नाचे वऱ्हाडही अनेकदा असेच निघते.

दादी काठी टेकत ट्रॉलीपाशी आल्या. चढायला स्टूल लावले होते. त्यांनी स्टूलवर पाय ठेवला नाही. स्टिअरिंगवर बसलेल्या नातवाकडे पाहून विचारले, "बेटा, तुझं लायसन आहे का?"

तो हसला. "आहे ना दादी. मोटारसायकलचं आहे."

"मी मोटारसायकलवर बसत नाहीये," दादी म्हणाल्या आणि ओट्यावर जाऊन बसल्या.

घरात थोडी चुळबूळ झाली. उशीर होत होता. कोणी म्हणाले, गावातली अर्धी पोरे अशीच चालवतात. कोणी म्हणाले, शुभ कामाला निघताना कशाला अडवायचे? पण दादी उठल्या नाहीत, आणि आम्हा मोठ्या माणसांना त्यांचे कारण ठाऊक होते. तो दिवस आम्ही कोणीच विसरलेलो नाही.

दोन एकर गेले ती संध्याकाळ

सोयाबीनचा हंगाम होता. मेहकरच्या बाजार समितीत माल टाकून आमची रिकामी ट्रॉली परत येत होती. मगरिबची वेळ टळून अंधार पडला होता. ट्रॅक्टर आमच्या चुलत भावाच्या हातात होता. तेव्हा तो विशीत होता आणि खिशात दुचाकीचा परवाना होता. ट्रॅक्टर तो लहानपणापासून चालवत आलेला, गावात त्याच्यासारखा नांगर धरणारा दुसरा नव्हता. रस्त्यावरून शेताच्या वाटेला वळताना ट्रॅक्टर वळला, पण मागची ट्रॉली अजून रस्त्यावर आडवी होती. तिला मागचा दिवा नव्हता आणि लाल परावर्तक पट्टीही नव्हती. मागून मोटारसायकलवर येणारा शेजारच्या गावचा माणूस सरळ फाळक्यावर येऊन आदळला. जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्यापासून गेला.

आम्ही त्याला दवाखान्यात नेले, भेटायलाही जात राहिलो. त्याच्या घरी दोन लहान मुली होत्या. पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा चालला. आम्ही निश्चिंत होतो. ट्रॅक्टरचा विमा होता, ट्रॉलीचाही होता, हप्ता कधी चुकवला नव्हता. विमा कंपनीने मात्र पहिलाच प्रश्न विचारला की चालकाकडे या वाहनाचा परवाना होता का. दुचाकीच्या परवान्यावर ट्रॅक्टर चालवता येत नाही, एवढी साधी गोष्ट. निकाल असा लागला की भरपाई कंपनीने जखमीला आधी द्यावी आणि नंतर ती सगळी रक्कम मालकाकडून, म्हणजे आमच्या चाचांकडून, वसूल करावी.

वसुली झाली. रस्त्याच्या कडेची दोन एकर जमीन विकावी लागली. जखमी माणसाला पैसे मिळाले याचे आम्हाला समाधानच आहे, तो त्याचा हक्क होता. पण विम्याचा हप्ता भरूनही जमीन गेली ती एका कागदापायी. तो कागद काढायला फार तर काही शे रुपये आणि बुलढाण्याच्या दोन फेऱ्या लागल्या असत्या. चुलत भाऊ त्यानंतर ट्रॅक्टरवर बसला नाही.

म्हणून या लेखात आम्ही ट्रॅक्टर, ट्रॉली आणि परवाना यांचा हिशेब मांडतो आहोत. वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी, माहेरी किंवा शेजारी ट्रॉली असतेच.

कायदा ट्रॅक्टरला काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा 1988 चा आहे आणि 2019 मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. या कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी कोणतेही मोटार वाहन चालवायचे तर त्या वर्गाचा चालू परवाना हवा. यातला 'सार्वजनिक ठिकाणी' हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्या धुऱ्याच्या आत, स्वतःच्या शेतात नांगरताना परवान्याचा प्रश्न येत नाही. ट्रॅक्टर धुऱ्याबाहेर आला की येतो. आणि सार्वजनिक ठिकाण म्हणजे फक्त डांबरी रस्ता नव्हे. लोकांना जाण्या-येण्याचा हक्क असलेली कोणतीही वाट त्यात येते. गावातली गल्लीही त्यात आली.

आता ट्रॅक्टर कोणत्या वर्गात? कायद्यातली 'हलके मोटार वाहन' ही व्याख्या पाहा. परवान्याच्या कार्डावर आपण ते 'एलएमव्ही' असे वाचतो. ज्या मोटारीचे किंवा ट्रॅक्टरचे रिकामे वजन 7500 किलोपेक्षा जास्त नाही, ते हलके मोटार वाहन. आपल्याकडे शेतात चालणारा ट्रॅक्टर साधारण दोन टनांच्या आसपास असतो. म्हणजे एलएमव्ही परवाना असलेला माणूस तो कायद्याने चालवू शकतो. दुचाकीच्या परवान्यावर, तो गिअरच्या दुचाकीचा असला तरी, ट्रॅक्टर चालवता येत नाही.

वय 18 पूर्ण हवे. काही घरांत समज आहे की ट्रॅक्टरला सोळावे वर्ष चालते. तसे नाही. सोळाव्या वर्षाची सवलत फक्त 50 सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीला आहे. ट्रॅक्टरला ती लागू नाही.

आणि ट्रॉली? कायद्याच्या भाषेत ती 'ट्रेलर' आणि ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच. तिला स्वतःचे इंजिन नसले तरी स्वतःची नोंदणी लागते, स्वतःचा नंबर लागतो आणि विमाही लागतो. बारकाईने पाहिले तर कायद्याप्रमाणे चालणाऱ्या ट्रॉलीवर दोन नंबर दिसतील. बाजूला तिचा स्वतःचा आणि मागे तिला ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा. ट्रॅक्टरचा विमा काढला म्हणजे ट्रॉलीचाही झाला असे गृहीत धरू नये. पॉलिसीच्या कागदावर ट्रॉलीचा नंबर लिहिला आहे का, ते डोळ्यांनी पाहावे.

ट्रॉली जोडली की परवाना बदलतो का?

हा प्रश्न गावच्या पारावरून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. विमा कंपन्यांचे म्हणणे असे की ट्रॅक्टरचा परवाना नुसत्या ट्रॅक्टरपुरता. मागे ट्रॉली जोडून माल भरला की ते मालवाहू वाहन झाले, म्हणजे मालवाहू वाहनाचा परवाना हवा. 2001 मध्ये नागशेट्टी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे मान्य केले नाही. ज्याच्याकडे ट्रॅक्टर चालवण्याचा वैध परवाना आहे, त्याचा परवाना केवळ मागे ट्रॉली जोडल्यामुळे निरुपयोगी होत नाही, असे न्यायालयाने सांगितले.

पुढे प्रश्न आणखी मोठा झाला. छोटा टेम्पो, पिकअप, मालवाहू जीप चालवणाऱ्या हजारो पोरांकडे एलएमव्ही परवाना होता, पण त्यावर व्यावसायिक वाहनाचा वेगळा शेरा नव्हता. अपघात झाला की कंपन्या त्यावर बोट ठेवत. 2017 मध्ये मुकुंद देवांगन खटल्यात तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला की 7500 किलोपर्यंतच्या एकूण वजनाच्या मालवाहू वाहनाला एलएमव्ही परवाना पुरेसा आहे. विमा कंपन्यांनी त्यावर शंका घेतली आणि 2022 मध्ये हा प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेला. 6 नोव्हेंबर 2024 रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने रंभादेवी खटल्यात एकमताने 2017 चा निकाल कायम ठेवला. निकालपत्र न्यायमूर्ती हृषिकेश रॉय यांनी लिहिले. एलएमव्ही परवानाधारकांमुळे अपघात वाढतात हे दाखवणारी ठोस आकडेवारी न्यायालयासमोर कोणी ठेवली नाही, याचीही त्यांनी नोंद घेतली.

याचा आपल्या घरांसाठी अर्थ सरळ आहे. भाड्याचा टेम्पो चालवून पोट भरणाऱ्या आपल्या मुलांना या निकालाने मोठा आधार मिळाला. पण आधार कोणाला मिळाला, हे नीट समजून घ्या. ज्याच्याकडे एलएमव्ही आहे त्याला. ज्याच्याकडे फक्त दुचाकीचा परवाना आहे किंवा ज्याचा परवाना संपलेला आहे, त्याच्यासाठी या निकालात काहीच नाही. आमच्या चाचांचा खटला आज चालला असता तरी निकाल तोच लागला असता.

घटनापीठाचा निकाल 7500 किलोच्या आतला आहे, हेही लक्षात ठेवावे. त्याहून जड ट्रक, मोठी बस यांना ट्रान्सपोर्ट वाहनाचा वेगळा परवाना लागतोच. त्याला वय 20 पूर्ण हवे आणि आधी किमान एक वर्ष एलएमव्ही परवाना हातात असावा लागतो. आठवी पास असण्याची जुनी अट मात्र केंद्र सरकारने 2019 मध्ये काढून टाकली. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या पण हात चांगला असलेल्या अनेकांसाठी ती अडचण होती. आता ती नाही, म्हणून परवाना न काढण्याचे तेही कारण उरलेले नाही.

परदेशात घर मागे जोडून फिरतात

लग्नाच्या त्या सकाळी आमच्याकडे एक पाहुणे होते. मूळचे रत्नागिरीकडचे, आता ब्रिटनमध्ये स्थायिक. सजवलेली ट्रॉली पाहून ते म्हणाले, "आमच्याकडे सुट्टीत लोक मोटारीच्या मागे असंच घर जोडून निघतात. त्यात पलंग, गॅस, नळ, सगळं असतं." तिकडे त्याला कॅरॅव्हॅन म्हणतात. आपल्या राज्यानेही 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यामुळे हा शब्द आता आपल्याकडेही ऐकू येतो.

तिकडच्या नियमांत एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. वाहन कोणते एवढेच पाहून ते थांबत नाहीत, मागे किती वजन ओढता हेही विचारतात. युरोपातल्या बहुतेक देशांत साध्या मोटारीच्या परवान्यावर 750 किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. त्याहून जड ओढायचा तर मोटार आणि ट्रेलर मिळून 3500 किलोची मर्यादा येते. ती ओलांडायची तर वेगळे प्रशिक्षण किंवा वेगळी परीक्षा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात राहण्याचा ट्रेलर 4600 किलोपेक्षा जड असेल तर नेहमीच्या परवान्यावर खास शेरा घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये 1997 नंतर परीक्षा दिलेल्यांना जड ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा होती. ती डिसेंबर 2021 मध्ये काढून टाकली आणि आता 3500 किलोपर्यंतचा ट्रेलर साध्या परवान्यावर चालतो. तरी ओढण्याचे प्रशिक्षण घ्या, असा सल्ला सरकार देतच असते.

आपल्याकडे अशी वेगळी परीक्षा नाही. मुलगा छोट्या मोटारीवर परीक्षा देतो, इंग्रजी आठचा आकडा काढून दाखवतो, एलएमव्ही परवाना घेतो आणि दुसऱ्या दिवशी सोयाबीनने भरलेली ट्रॉली मेहकरला नेऊ शकतो. कायद्याला ते मान्य आहे. पण मोटार चालवणे वेगळे आणि मागे काही टन ओढणे वेगळे. परवाना पहिली पायरी आहे. पुढचे शिकवणे घरच्या जाणत्या माणसाच्या अंगावर आहे.

ओढणे वेगळे का?

आमच्या चाचांनी पुढच्या पिढीला ट्रॅक्टर देताना जे शिकवले, ते इथे मांडतो.

पहिली गोष्ट ब्रेक. आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. ट्रॅक्टर थांबतो, पण मागचे वजन थांबायला तयार नसते, ते पुढे ढकलत राहते. उतारावर हे धक्के इतके वाढतात की ट्रॅक्टर तिरपा होतो आणि ट्रॉली त्याच्याभोवती कात्रीसारखी दुमडते. म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकायचा. उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रलवर गाडी सोडायची नाही. डिझेल वाचवण्याच्या नादात हीच चूक सर्वात जास्त होते.

दुसरी गोष्ट म्हणजे ट्रॅक्टरचे दोन ब्रेक पेडल. शेतात तासाच्या टोकाला चटकन वळावे म्हणून डाव्या आणि उजव्या चाकाचा ब्रेक वेगळा असतो. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल पट्टीने एकत्र अडकवायचे असतात. ते विसरले आणि घाईत एकाच पेडलवर पाय पडला, तर एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

तिसरी, वजन आणि त्याची मांडणी. सगळा माल मागच्या टोकाला रचला तर हूक वर उचलला जातो आणि ट्रॉली शेपटीसारखी हेलकावे खाते. सगळा पुढे रचला तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात. स्टिअरिंग फिरते, पण ट्रॅक्टर वळत नाही. माल सारखा पसरावा आणि डाल्याच्या वर डोंगर करू नये.

चौथी, वळण आणि मागे घेणे. ट्रॉलीची चाके ट्रॅक्टरच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत, आतून कापत येतात. म्हणून वळण मोठे घ्यावे लागते आणि ट्रॉली पूर्ण रस्त्याबाहेर जाईपर्यंत काम संपलेले नसते. आमचा घात इथेच झाला. मागे घेताना सगळे उलटे चालते. ट्रॉली डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग आधी उजवीकडे. हे रिकाम्या मैदानात शंभर वेळा करून पाहावे. मागे माणूस उभा केल्याशिवाय, आणि मुले कुठे आहेत हे पाहिल्याशिवाय, ट्रॉली अंगणात मागे घेऊ नये.

पाचवी, पिन आणि दिवे. हूकची पिन झिजली आहे का, तिला खालून खिळ लावली आहे का, हे दर वेळी पाहावे. मागचे दिवे चालू असावेत. दिव्याची वायर तुटते हे खरे, पण लाल परावर्तक पट्टी तुटत नाही. थोड्या पैशांच्या त्या पट्टीने कदाचित एका माणसाचा पाय वाचला असता.

ट्रॉलीत माणसे

इथे आम्हाला आपल्याच घरांविरुद्ध बोलावे लागेल. ट्रॉली मालासाठी आहे, माणसांसाठी नाही. नियमही तेच सांगतो आणि विम्याचा कागदही. ट्रॉलीत बसलेल्या माणसांची जोखीम शेतीच्या ट्रॅक्टरच्या पॉलिसीत नसते. 2007 मधल्या ब्रिजमोहन खटल्यात एक मजूर मातीकामासाठी ट्रॉलीतून जाताना जखमी झाला होता. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता होता आणि ट्रॉलीचा नव्हताच. सर्वोच्च न्यायालयाने कंपनी जबाबदार नाही असेच ठरवले. फक्त त्या गरीब माणसाकडे पाहून, आपला विशेष अधिकार वापरून, कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मालकाकडून वसूल करावेत असा आदेश दिला. खालच्या न्यायालयांकडे तो विशेष अधिकार नसतो. म्हणजे आपल्या घरची सून, शेजारची म्हातारी किंवा कापूस वेचणारी मजूर बाई ट्रॉलीतून पडली, तर तिच्या घराला मिळणारा पैसा मालकाच्या ऐपतीवर अवलंबून. मालकाकडे नसेल तर काहीच नाही.

मजुरांना शेतात न्यायला दुसरे साधन नसते, हे आम्हाला कळते. एसटी सगळीकडे जात नाही. पण बायकांना उन्हातान्हात ट्रॉलीत कोंबून नेताना हा हिशेब मालकाला ठाऊक असला पाहिजे. मजुरी आपण देतो, पण त्यांचा जीवही तेवढ्या वेळापुरता आपल्याकडे अमानत असतो. जमेल तिथे पॅसेंजर परमिट असलेली जीप ठरवावी. चार शेतकऱ्यांनी मिळून ठरवली तर भाडे वाटले जाते.

आई-वडिलांवर येणारी जबाबदारी

पोरगा पंधरा-सोळा वर्षांचा झाला की बाप कौतुकाने त्याला स्टिअरिंगवर बसवतो. 2019 च्या दुरुस्तीने या कौतुकाची किंमत ठरवली आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाची 25 वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. मला माहीत नव्हते किंवा मी अडवण्याची पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावर असतो. चावी खुंटीला टांगलेली असेल तर हे सिद्ध करणे अवघडच.

वयात आलेल्या, पण परवाना नसलेल्या माणसाला वाहन दिले तरी मालक सुटत नाही. चालकाला 5,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि मालकालाही तशीच तरतूद आहे. भरपाईची वसुली याहून वेगळी.

परवाना काढायचा कसा?

आमच्या जिल्ह्याचे उपप्रादेशिक परिवहन कार्यालय बुलढाण्याला आहे, एमएच 28 हा त्याचाच क्रमांक. डोणगावहून जायचे म्हणजे दिवस मोडतो, हे खरे. पण शिकाऊ परवान्यासाठी आता जावे लागत नाही. सरकारच्या 'सारथी' संकेतस्थळावर आधार क्रमांकावरून अर्ज करून चाचणी घरी बसून देता येते. पक्क्या परवान्याच्या चाचणीसाठी तालुक्याच्या ठिकाणी परिवहन कार्यालयाची शिबिरेही होतात, त्यांच्या तारखा विचारून घ्याव्यात.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तो मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. या काळात शेजारी परवानाधारक बसलेला हवा, आणि तोही गाडी थांबवू शकेल अशा जागी. ट्रॅक्टरला सीट एकच. मडगार्डवर बसलेला चाचा हा कायद्याने शिक्षक होत नाही आणि तिथून तो पडण्याचीच भीती जास्त. म्हणून शिकणे जीपवर किंवा ड्रायव्हिंग स्कूलच्या मोटारीवर करावे. अर्ज करताना दुचाकीसोबत एलएमव्ही हा वर्गही टाकावा. अनेक मुले थोडे पैसे वाचवायला फक्त दुचाकीवर खूण करतात, आणि पुढे तोच परवाना घेऊन ट्रॅक्टरवर बसतात.

घरातल्या जुन्या परवान्यांची मुदतही आजच पाहून घ्या. आता तिशीच्या आत काढलेला परवाना चाळिशीपर्यंत चालतो, त्यानंतर ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. मुदत संपल्यावर पूर्वी 30 दिवसांची सूट होती, ती 2019 च्या दुरुस्तीत गेली. मुदत संपून एक वर्ष उलटले तर चाचणी पुन्हा द्यावी लागते. चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखलाही लागतो. पेटीत जपून ठेवलेला, पण संपलेला परवाना अपघाताच्या दिवशी नसल्यासारखाच.

आणि मुलींचे काय? आमच्या घरातल्या एका सुनेने यंदा एलएमव्ही काढला. दवाखान्याला, शाळेला, बाजाराला घरची गाडी न्यायला पुरुषांची वाट पाहावी लागू नये एवढाच तिचा हेतू होता. घरात कायद्याने गाडी चालवू शकणारी दोन माणसे असली की संपलेल्या परवान्यावर कोणाला घाईने बसावे लागत नाही.

त्या सकाळी पुढे काय झाले?

दादी ओट्यावरून उठल्या नाहीत. शेवटी चाचांनीच निर्णय केला. ट्रॉलीतली माणसे उतरवली. सतरंज्या, भांडी, आहेराच्या पेट्या ट्रॉलीत राहिल्या. चाचांकडे एलएमव्ही होता आणि चालू होता. ते स्वतः स्टिअरिंगवर बसले. बायका-मुलांसाठी गावातूनच दोन जीपा ठरवल्या. निघायला तासभर उशीर झाला, निकाहला नाही.

नातू दिवसभर थोडा रुसलेला होता. पोरांसमोर आपला अपमान झाला असे त्याला वाटत होते. रात्री परत आल्यावर चाचांनी त्याला जवळ बसवून त्या दोन एकरांची गोष्ट पहिल्यांदा पूर्ण सांगितली. विकलेल्या जमिनीवर आज दुसऱ्याची हरभऱ्याची पेरणी आहे, ती तो रोज येता-जाता पाहतो. पण ती कधी आपली होती आणि का गेली, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. तो परका मोटारसायकलस्वार कोण होता, त्याच्या मुलींचे पुढे काय झाले, हेही चाचांनी सांगितले.

पुढच्याच आठवड्यात त्याने शिकाऊ परवान्याचा अर्ज भरला. दोन महिन्यांनी पक्का परवाना घरी आला तेव्हा त्याने तो आधी दादींच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी कार्ड उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारले, "यात ट्रॅक्टर कुठं लिहिलंय?"

त्याने 'एलएमव्ही' या अक्षरांवर बोट ठेवले. दादींनी कार्ड परत दिले आणि म्हणाल्या, "आता मागची लाल पट्टी लाव. मग दाणे घेऊन जा बाजारात. माणसं नेऊ नको."